आहेतकऱ्यांचे कैवारी

ग्रंथ माणसाला अमर करतो. प्रत्येक गौरवग्रंथाच्या प्रस्तावनेत हे वाक्य असतं आणि मी ते इतक्या वेळा छापलं आहे, की प्रूफमध्ये ते दिसलं की मी सरळ पुढच्या ओळीवर जाते. अमर करायला आम्हाला साधारण चार महिने लागतात. फोटो गौरवमूर्तींनी आपले आपण द्यायचे.

त्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता असंच एक अमरत्व मशीनवर चढलं होतं, आणि तळमजल्यावरून मशीनवाल्या युसूफभाईंचा फोन आला.

"अक्का, हे आहेतकरी म्हणजे कोण?"

मी विचारलं, कुठले आहेतकरी.

"दादासाहेब त्यांचे कैवारी आहेत म्हणे. पान दोनशे सतरा. आणि खाली एक आहेख सर पण आहेत. मी स्वतः शेख, म्हणून डोळा अडकला. नाहीतर मी कशाला वाचतो."

मशीन थांबवा म्हटलं आणि जिना उतरले.

जळगावातल्या एका प्रकाशन संस्थेत मी एकतीस वर्षं प्रॉडक्शन बघते. लेखकाने लिहिलं, संपादकाने तपासलं, की त्याचं पुस्तक होईपर्यंतची जबाबदारी माझी. कागद, छपाई, बाइंडिंग आणि शिव्या. माझे वडील वरणगावच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत होते. तिथे चूक झाली तर आवाज येतो. आमच्याकडे येत नाही, एवढाच दोन धंद्यांत फरक.

खाली जाऊन मी कागद हातात घेतला. आमच्या भाषेत त्याला फॉर्म म्हणतात. एका मोठ्या कागदावर सोळा पानं एकदम छापली जातात, मग घडी घालून कापतात. या सोळा पानांत दादासाहेब आहेतकऱ्यांचे कैवारी होते. त्यांचे आहेजारी त्यांच्याविषयी भरभरून बोलत होते. त्यांनी पाचआहे झाडं लावली होती. त्यांचं आहेंदुर्णीचं भाषण विआहेष गाजलं होतं. एका प्राचार्यांनी तर लिहिलं होतं, की दादासाहेब म्हणजे आमच्या पिढीसाठी आआहेचा किरण. हे वाचताना दम लागल्यासारखं वाटत होतं.

काय झालं ते मला दोन मिनिटांत कळलं. कोणी केलं तेही कळलं. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

दादासाहेब हे धुळ्याकडचे शिक्षणसंस्थाचालक. पंच्याहत्तरी रविवारी धुळ्यात साजरी होणार होती. मंत्री येणार होते. ग्रंथाचे दोन भाग होते. पहिल्यात जीवनकार्य, दुसऱ्यात लोकांच्या आठवणी. नेमकं त्याच वेळी आमचे मुख्य संपादक नाना निवृत्त झाले आणि त्यांच्या जागेसाठी दोन उमेदवार उरले. प्रशांत जळगाव ऑफिसचा, पुण्याहून एम.ए. करून आलेला. ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली की त्याचा चेहरा दात दुखल्यासारखा होतो. दुसरी नीलिमा, आमच्या धुळ्याच्या शाखेची. सोनगीरजवळच्या गावची, शेतकऱ्याघरची, घरात अहिराणी बोलणारी. दोघं तिशीतले, दोघं हुशार, आणि दुसऱ्याशिवाय संस्था चांगली चालेल याची दोघांनाही खात्री.

मालकांना आम्ही आबा म्हणतो. आबांना निर्णय घ्यायला आवडत नाही, स्पर्धा लावायला आवडते. त्यांनी ग्रंथाचा पहिला भाग प्रशांतला दिला, दुसरा नीलिमाला, आणि क्रॉस रीडिंग करायला सांगितलं. म्हणजे एकाने संपादन केलेलं दुसऱ्याने वाचायचं. स्वतःच्या मजकुरावर डोळा घसरतो, परक्याच्या मजकुरात तो खडे शोधतो. ज्याच्या भागात कमी खडे सापडतील, तो मुख्य संपादक.

पहिली ठिणगी पहिल्याच मीटिंगमध्ये पडली. आठवणी सांगणारे निम्मे लोक खेड्यातले होते. नीलिमाने त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करून जशाच्या तशा अहिराणीत उतरवल्या होत्या. प्रशांतचं म्हणणं होतं, की ग्रंथ आहे, प्रमाण मराठीत हवा. 'आहे'च्या जागी हे 'शे' वाचकाला कळणार नाही.

नीलिमा म्हणाली, "बठ्ठा खान्देश शे म्हणतो, सर. तुमचा वाचक कुठला, जपानचा?"

आबांना चहा आठवला. शे राहिलं.

त्यानंतर महिनाभर प्रूफं माझ्या टेबलावरून जात-येत राहिली. समासातल्या खुणा वाचणं हे माझं काम नाही, पण एकतीस वर्षांची सवय आहे. सुरुवातीला प्रशांत पेन्सिलीने नुसतं प्रश्नचिन्ह काढायचा. नीलिमा खाली उत्तर लिहायची: 'बरोबर आहे.' मग प्रश्न वाढले. मग उत्तरं वाढली. एका पानावर मजकूर बावीस ओळींचा आणि समासातली चर्चा एकतीस ओळींची होती. पुढे तो अशा अहिराणी शब्दांचे अर्थ विचारायला लागला, जे त्याने त्याच दुपारी डबा खाताना स्वतः वापरले होते.

आणि एक गोष्ट. पीडीएफ धुळ्याहून जळगावला यायला चार सेकंद लागतात. नीलिमा एसटीने अडीच तास घालवून प्रिंटआउट घेऊन यायची. विचारलं तर म्हणायची, स्क्रीनवर चुका दिसत नाहीत. हे खरं आहे. पण आधीच्या सहा पुस्तकांत तिला त्या स्क्रीनवर दिसत होत्या.

मी कोणाला काही बोलले नाही. दोघं एकमेकांना 'सर' आणि 'मॅडम' म्हणत होते. ती हद्द मोडेपर्यंत बाहेरच्याने बोलू नये.

सोमवारी, सगळं फायनल झाल्यावर, दादासाहेबांच्या मुलाचा आबांना फोन आला. हे चिरंजीव संस्थेचं इंजिनीअरिंग कॉलेज बघतात. त्यांनी दुसरा भाग चाळला होता. ते 'शे' काढा म्हणाले. वडील गावंढळ वाटतात. मंत्र्यांच्या हातात जाणार आहे.

आबांनी लगेच धुळ्याला फोन लावला. नीलिमा वीस मिनिटं भांडली. आबांनी शेवटी सांगितलं, की हा हुकूम आहे, आणि त्या खुर्चीत बसणाऱ्याला हुकूम पाळता यायला हवा. दुपारी पावणेचारला तिच्याकडून दुसऱ्या भागाची नवी फाइल आली. सोबत एकच शब्द: 'काढलं.'

कॉम्प्युटरमध्ये फाइंड-रिप्लेस नावाची सोय असते. हा शब्द शोध आणि त्याच्या जागी तो टाक. एकेक शब्द दाखवून विचारत जा असं सांगता येतं, किंवा रिप्लेस ऑल म्हणता येतं, म्हणजे विचारू नको, सगळे बदल. नीलिमाने शोधायला 'शे' दिलं, त्या जागी 'आहे' दिलं आणि रिप्लेस ऑल दाबलं. कॉम्प्युटरला अहिराणी येत नाही. त्याला 'शे' दिसलं, तो शब्द असो की शब्दाचा तुकडा. शेतकऱ्यातलं शे, शेजाऱ्यातलं शे, विशेषातलं शे. त्याने इमानदारीने सगळी बदलली.

आमच्याकडे नियम आहे, फायनलनंतर फाइलला हात लागला तर ती पुन्हा वाचायची. ते काम माझं. सोमवारी मी ती फाइल न उघडता प्लेट बनवायला पाठवली. हे मी तेव्हा आबांसमोर म्हटलं नाही. इथे लिहिते आहे.

मंगळवारी साडेअकराला मी नीलिमाला फोन केला. ती म्हणाली, निघते. मी आबांच्या केबिनमध्ये गेले तर प्रशांत माझ्याआधी तिथे उभा होता. युसूफभाईंनी त्यालाही विचारलं होतं.

"चूक माझी आहे, आबा," तो सांगत होता. "फाइल आली तेव्हा त्यात काही शे राहिले होते. मी इथे बसून रिप्लेस केलं. घाईत झालं."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी प्रशांतकडे पाहिलं. माणूस खोटं बोलताना इतका शुद्ध बोलतो हे मी प्रथमच ऐकत होते. आबा म्हणाले, मग खुर्चीचा प्रश्न मिटला. प्रशांत हो म्हणाला. त्याच्या आवाजात दुःख नव्हतं. उलट महिनाभर अडलेलं एखादं वाक्य शेवटी जमल्यासारखा तो दिसत होता.

मी गप्प बसले. माझी स्वतःची एक न उघडलेली फाइल होती, हे एक कारण. दुसरं असं, की दुसऱ्याचं मोठेपण उघडं पाडायला मला संकोच वाटतो. तशी वेळ फारशी येत नाही.

नीलिमा दोन वाजता पोचली. युसूफभाईंनी तिला जिन्यातच सगळं सांगितलं होतं. तिने केबिनचं दार ठोठावलं नाही.

"आबा, ती चूक माझी शे," ती म्हणाली. रागात तिची प्रमाण मराठी सुटते. "मी केली. धुळ्याला बसून केली. एकेक शे बघून काढायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून डोळे मिटून बटण दाबलं."

मग ती प्रशांतकडे वळली.

"माझा मजकूर तपासा, लाल करा, फाडा. पण माझी चूक स्वतःच्या नावावर खपवायची नाही. दुसऱ्याचं लेखन आपलं म्हणून दाखवणं, त्याला काय म्हणतात सर?"

प्रशांत खाली बघत म्हणाला, "वाङ्मयचौर्य."

"हां."

आबांना यातलं अर्धंच कळलं. त्यांनी विचारलं, की मग रविवारी पुस्तक मिळणार की नाही. हा त्या दिवसातला पहिला कामाचा प्रश्न होता. मी म्हटलं, गुरुवारी दुपारी बारापर्यंत दुरुस्त फाइल मिळाली तर मिळेल. मंत्र्यांच्या व्यासपीठापुरत्या प्रती शनिवारी बाइंड होतील. बाकीच्या मागाहून आल्या तरी कोणाला कळणार नाही.

आता अडचण सांगते. नीलिमाने नवी फाइल जुन्याच नावाने सेव्ह केली होती. जुनी पुसली गेली. जळगावच्या कॉम्प्युटरवरची प्रतही मी तिच्या नव्या फाइलने बदलली होती. उलटा रिप्लेस करावा, तर खरे 'आहे'सुद्धा शे होतील, आणि दादासाहेब थोर शिक्षणमहर्षी आहेत या वाक्याचं 'शिक्षणमहर्षी शेत' होईल. सगळ्यांचं एकमत असलेली एकच प्रत शिल्लक होती, नीलिमाने एसटीने आणलेली शेवटची छापील प्रत, समासातल्या चर्चेसकट.

म्हणून जुनी पद्धत काढली. पूर्वी खिळ्यांच्या छपाईत मूळवाचक असायचा. तो मूळ प्रत मोठ्याने वाचायचा आणि प्रूफवाला समोरच्या कागदावर बोट ठेवून जुळवायचा. दोघांना एका टेबलाशी बसवलं. जुनी प्रत प्रशांतच्या हातात, नीलिमा कॉम्प्युटरवर. मी शेजारच्या टेबलावर दुरुस्त झालेली पानं तपासत होते. आबांनी येता-जाता विचारलं, की दोघं बोलत तरी आहेत का. मी म्हटलं, एक बोलतो आहे.

एकशे ऐंशी पानं. प्रशांतने पहिली तीस पानं बातम्या दिल्यासारखी वाचली. शब्द स्पष्ट, चेहरा बंद. मग अहिराणी आठवणी सुरू झाल्या. महिनाभर ज्याच्याविरुद्ध तो भांडला होता, ते 'शे' त्याला दर ओळीला मोठ्याने म्हणावं लागलं. तो ते पाढ्यातल्या दोनशे-तीनशेसारखं ठणकावून म्हणायचा. नीलिमाने अर्धा तास सहन केलं.

"सर, तो आकडा नाही. एवढा जोर देऊ नका."

"मग कसं?"

"हळूच. वाक्य खाली ठेवायचं."

त्याने पुन्हा म्हटलं. ती नाही म्हणाली. त्याने पुन्हा म्हटलं. बुधवारी दुपारपर्यंत त्याला ते जमायला लागलं, आणि पलीकडच्या खोलीतले डीटीपीवाले कारण नसताना आमच्या दारावरून जायला लागले.

बुधवारीच ते झेलाबाईंच्या आठवणीपाशी आले. झेलाबाई म्हणजे नीलिमाच्या गावची एक म्हातारी. दादासाहेब शाळेत असताना दोन वर्षं झेलाबाईंच्या घरी जेवले होते. आठवण दीड पानाची. लोक त्यांना विचारायचे, की हा कोणाचा मुलगा जेवायला बसवता. त्या एकच उत्तर द्यायच्या, तेच शेवटचं वाक्य होतं.

प्रशांतने वाचलं, "हाऊ पोऱ्या आमना शे."

आणि थांबला. नीलिमाने टाइप करून वर पाहिलं. पुढे चला, सर, म्हणाली.

"इथे समासात मी पेन्सिलीने लिहिलं होतं," तो म्हणाला, "की हे वाक्य प्रमाण मराठीत करावं."

"दिसतंय मला. मग?"

"मी करून पाहिलं. सहा-सात प्रकारे."

"आणि?"

"होत नाही."

नीलिमाने कर्सर पुढच्या ओळीवर नेला. मग म्हणाली, "वाच पुढे."

सर गेला, चला गेलं. मी ऐकलं आणि पानाचा क्रमांक तपासत असल्यासारखी खाली वाकले. प्रूफवाचनात ऱ्हस्वाचं दीर्घ करायची खूण आहे, शब्द गाळायची आहे, दोन शब्द जोडायची आहे. 'अहो'चं 'तू' झालं हे नोंदवायची नाही.

गुरुवारी सव्वाअकराला फाइल तयार झाली. मुळाप्रमाणे. म्हणजे शेतकरी शेतकरी झाले, शेख सर शेख झाले, आणि अहिराणीतलं प्रत्येक शे आपल्या जागी परत आलं. आबांच्या लक्षात ते बाराला आलं.

"चिरंजीवांनी काढायला सांगितलं होतं ना?"

मी म्हटलं, एकदा काढून पाहिलं, काय झालं ते तुम्ही मशीनवर बघितलं. पुन्हा काढायचं तर पुन्हा वाचावं लागेल. रविवार पुढे ढकलावा लागेल.

"मंत्री पुढे ढकलता येत नाहीत, अक्का."

"मग शे राहू द्या."

राहिलं. या वेळी मी सगळी एकशे ऐंशी पानं उघडून पाहिली आणि मगच प्लेट बनवायला पाठवली. युसूफभाईंनी प्रत्येक फॉर्म वाचला. त्यांना आता वाचायची गोडी लागली आहे. हे छपाईच्या वेगाला चांगलं नाही.

रविवारी धुळ्याच्या हॉलमध्ये प्रकाशन झालं. मंत्र्यांनी रेशमी फीत सोडली, ग्रंथ छातीशी धरला, फोटो काढला आणि उघडला नाही. आठ भाषणं झाली. त्यातल्या तिघांनी ग्रंथ माणसाला अमर करतो असं सांगितलं. दादासाहेब मधल्या खुर्चीत बसून होते. सातव्या भाषणाच्या वेळी त्यांनी मांडीवरचा ग्रंथ उघडला, मागच्या बाजूने, आणि एक पान बराच वेळ वाचलं. त्यांचे ओठ हलत होते. कुठलं पान ते मला तिसऱ्या रांगेतून दिसलं नाही. मग वक्त्यांनी त्यांचं नाव घेतलं आणि त्यांना टाळ्यांसाठी हात जोडावे लागले.

बुधवारी चिरंजीवांचा फोन आला. मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्यांची तक्रार एवढीच होती, की कॉलेजच्या इमारतीचा फोटो अर्ध्या पानावर आला, पूर्ण पानावर यायला हवा होता.

उरली खुर्ची. आबांनी मला बोलावून विचारलं. मी आधी माझ्या न उघडलेल्या फाइलचं सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, तुमची खुर्ची कोणी मागत नाही, पुढे बोला. मी म्हटलं, संपादकाचं निम्मं काम म्हणजे ही चूक कोणाची हे नक्की सांगणं. एकाने दुसऱ्याची चूक आपली म्हणून सांगितली. दुसरीने आपली चूक आपली म्हणून सांगितली, आणि ती परत मिळवायला दार न ठोठावता आत आली. आबांनी विचार केला, म्हणजे चहा मागवला. मुख्य संपादक नीलिमा झाली. तिची बदली जळगावला. रिकाम्या झालेल्या धुळ्याच्या जागेवर आबांनी प्रशांतला पाठवलं. दोघांत काही आहे हे संस्थेत फक्त आबांना माहीत नव्हतं.

प्रशांतला खुर्ची गेल्याचं वाईट वाटलं का, हे मी त्याला एकदा विचारलं. तो म्हणाला, वाटलं. मग म्हणाला, पण चूक चोरताना पकडलो गेलो याचं जास्त वाटलं. जाता जाता नियम सांगून ठेवते, नव्या लोकांच्या उपयोगाचा आहे. रिप्लेस ऑल रागात दाबू नये. दाबलंच तर फाइलचं नाव बदलून सेव्ह करावं. आणि फायनलनंतर आलेली फाइल, ती कितीही विश्वासाच्या माणसाची असो, उघडावी.

सात महिन्यांनी जळगावात त्यांचं लग्न झालं. पत्रिका एका भाषेत छापावी की दोन, यावर तीन आठवडे गेले. दोन्हीत छापली. लग्नाला दादासाहेबांचे चिरंजीव आले होते. त्यांनी आहेर म्हणून गौरवग्रंथाची प्रत दिली, वरून फीत बांधून. नीलिमाने ती टेबलावर उभी करून ठेवली. आम्ही तिघं समोर होतो, ती, प्रशांत आणि मी. मजकुराचं प्रत्येक पान आमच्यापैकी दोघांनी तरी वाचलेलं होतं. मुखपृष्ठ चिरंजीवांच्या ओळखीतल्या आर्टिस्टकडून थेट छापून आलं होतं, त्यामुळे ते कोणी वाचायचं हे ठरलंच नव्हतं.

त्यावर सोनेरी ठशात, ग्रंथातल्या सगळ्यात मोठ्या अक्षरात, 'अमृतमहोस्तवी गौरवग्रंथ' असं छापलेलं होतं. एक हजार प्रती गेल्या आहेत. अजून कोणी कळवलेलं नाही.